बांधलेले घर आणि राखलेले घर

जुलै महिना लागला की कोल्हापुरात, आणि त्यातही कसबा बावड्यात, सकाळच्या बोलण्याचा आरंभ एका आकड्याने होतो. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचे पाणी किती फूट, किती इंच झाले, हा तो आकडा. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे येथील शाळकरी मुलालाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले आणि २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांच्याही पुढे, हे सांगताना कोणी अडखळत नाही. परंतु त्याच गृहस्थाला, आपल्या गच्चीवरचे पाणी कोणत्या कोपऱ्याकडे वाहते, ते कोणत्या नळीने खाली उतरते, न्हाणीघराच्या भिंतीतून पाइप कोठून गेला आहे, किंवा घराचे जोते रस्त्यापासून किती उंच आहे, असे विचारावे; तो बहुधा पत्नीकडे पाहतो, आणि ती गवंड्याचे नाव सांगते.

नदीची उंची इंचात ठाऊक असावी आणि राहत्या घराची रचना मात्र ठाऊक नसावी, ही विसंगती वरवर पाहता विनोदी वाटते. वस्तुतः तिच्यात मध्यमवर्गाच्या अर्थव्यवहारातील एक गंभीर दोष दडलेला आहे. शिक्षक, कारकून, बँकेतील नोकर या वर्गाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी मिळकत म्हणजे घर. त्यासाठी भविष्यनिर्वाह निधीतून उचल केली जाते, पतसंस्थेचे कर्ज काढले जाते, दागिने मोडले जातात. वास्तुशांत झाली की मात्र त्या मिळकतीचा हिशेब जणू कायमचा बंद होतो. घर बांधणे ही संपत्ती आणि घर दुरुस्त करणे हा तोटा, अशी एक समजूत घराघरांत रुजलेली आहे. तोटा जेवढा पुढे ढकलता येईल तेवढा ढकलावा, आणि अगदीच नाइलाज झाला की तो झाकावा, हे या समजुतीतून आपोआप येणारे धोरण होय.

दिवाळीचा रंग

या धोरणाचे सर्वांत बोलके उदाहरण महापुरांनंतरच्या दिवाळीत पाहावयास मिळाले. २०१९ साली ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पाणी घरांत शिरले, आणि लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला आले. मधे अवघे अकरा आठवडे गेले होते. २०२१ साली पाणी जुलैच्या अखेरीस आले आणि दिवाळी नोव्हेंबरच्या आरंभी. म्हणजे पंधरा आठवडे. या अवधीत घरातील गाळ उपसणे, अंथरुणे-पांघरुणे टाकून देणे, पंचनाम्यासाठी हेलपाटे घालणे एवढे सारे उरकून पुष्कळ कुटुंबांनी सणासाठी घराला रंग दिला. त्यामागील भावना समजण्यासारखी आहे. ज्या भिंतीवर गुडघ्याएवढी किंवा छातीएवढी चिखलाची रेघ उमटलेली आहे, त्या भिंतीपुढे पणती लावणे कोणाला आवडेल?

पण भिंतीला सण कळत नाही. विटांची भिंत पाण्यात दोन-तीन दिवस उभी राहिली की ती आरपार भिजते, आणि ती वाळण्यास जाडीच्या दर इंचामागे सुमारे एक महिना लागतो, असा बांधकामातील जाणकारांचा ढोबळ ठोकताळा आहे. नऊ इंची भिंतीला दोन्ही अंगांनी ऊन-वारा मिळाला तरीसुद्धा ती दिवाळीपर्यंत पुरती वाळणे कठीण. आणि कपाटे, पलंग भिंतीला टेकवून ठेवले असतील तर पुढचा उन्हाळाच उजाडावयाचा. अशा ओल्या भिंतीवर पुट्टी आणि तैलरंग चढविला म्हणजे आतील पाण्याची बाहेर पडण्याची वाट बंद होते. पाणी वर सरकते, सोबत गाळातील क्षार घेऊन येते, आणि शिमग्यापर्यंत रंगाचे पोपडे, त्याखाली पांढरा लोणा आणि कपाटामागे बुरशीचा वास असा त्रिविध परिणाम दिसू लागतो. मग कोणी तरी "वॉटरप्रूफ" रसायन आतून फासण्याचा सल्ला देतो. त्याने ओल थांबत नाही. ती जेथे रसायन संपते तेथून, दोन फूट वर, पुन्हा डोके काढते. एकाच भिंतीवर तीन वेळा पैसे खर्च होतात आणि भिंत ओली ती ओलीच राहते.

येथे करावयाचे काम अगदी साधे होते, आणि त्याला जवळजवळ काहीच खर्च नव्हता. पाणी ओसरताच, गाळ ओला असतानाच तो धुऊन काढावयाचा, कारण वाळलेला गाळ भिंत खरवडल्याशिवाय निघत नाही. सुटलेला गिलावा पडू द्यावयाचा. सामान भिंतीपासून वीतभर दूर ठेवावयाचे, खिडक्या उघड्या टाकावयाच्या आणि थांबावयाचे. फार तर चुन्याचा एक हात द्यावयाचा, कारण चुन्यातून भिंत श्वास घेऊ शकते. भिंत वाळली की नाही हे ओळखण्यासाठीही कोणा तज्ज्ञाची गरज नाही. दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक-दोन दिवस ठेवावा. कागदाच्या आतल्या बाजूला दहिवर जमले तर ओल भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर ती खोलीतील हवेत आहे, आणि तिचा उपाय रंग नसून खिडकी आहे. ही परीक्षा आठवीतील मुलगाही करू शकतो. ती न करता रंगाचे डबे आणले जातात, याचे कारण केवळ अज्ञान नव्हे. थांबणे हे काम आहे, असे कोणालाच वाटत नाही.

दोन पाण्यांमधले गाव

कसबा बावड्याची स्थिती या दृष्टीने विशेष आहे. येथील घरांना दोन प्रकारच्या पाण्याशी सामना करावा लागतो. एक पाणी कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती या नद्यांच्या खोऱ्यांतून, म्हणजे गगनबावडा-राधानगरीच्या डोंगरांतून, प्रयाग चिखलीवरून पंचगंगा होऊन येते. ते काही वर्षांतून एकदा येते, पण त्याच्या बातम्या होतात. दुसरे पाणी आकाशातून थेट छपरावर पडते. ते दर वर्षी येते आणि त्याची बातमी होत नाही. कोल्हापूर शहरात वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. हजार चौरस फुटांच्या एका गच्चीवर याचा अर्थ वर्षाला नव्वद हजार लिटरांहून अधिक पाणी. एवढे पाणी ज्या दोन-तीन नळ्यांमधून खाली जावयाचे, त्यांच्या तोंडाशी झाडाचा पाला, पतंगाचा कागद आणि कबुतराचे घरटे असते. पावसाळ्यात चार दिवस गच्चीवर चार बोटे पाणी साचून राहते, आणि खालच्या खोलीत ठिपका दिसला की दोष सिमेंटला दिला जातो.

जुन्या बावड्यातील घर या दुसऱ्या पाण्याच्या बाबतीत अधिक जागरूक होते. मातीच्या भेंड्यांची भिंत, वर वासे, रिपा आणि कौले, पुढे सोपा, आत माजघर, मागे परडे, अशा त्या घरात पाऊस हा दर वर्षी नव्याने परतवून लावण्याचा शत्रू मानला जाई. वळीव पडून गेला आणि मृग जवळ आला की घरातील कर्ता पुरुष छपरावर चढे. फुटकी कौले बदलणे, सरकलेली नीट बसविणे, पन्हळ मोकळी करणे ही शाकारणी पेरणीइतकीच अटळ समजली जाई. दसऱ्यापूर्वी भिंती सारवल्या जात. याचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. त्या मातीच्या भिंती पुरात विरघळतात आणि रात्री-अपरात्री माणसांवर कोसळतात, हे या जिल्ह्याने अनेकदा पाहिले आहे. शिवाय त्या घराची जी निगा दिसे, तिच्यातील मोठा वाटा घरातील स्त्रियांच्या बिनमोल श्रमाचा होता. शेणाने हात भरलेल्या त्या श्रमाची किंमत कोणी मांडली नाही. अर्थशास्त्रही याबाबतीत निर्दोष नाही. स्वतःच्या घरात राहणाऱ्याने जणू स्वतःलाच भाडे दिले, असे गृहीत धरून ते काल्पनिक भाडे राष्ट्रीय उत्पन्नात मिळविले जाते. पण त्याच घराची कुटुंबाने स्वतः केलेली किरकोळ डागडुजी मात्र त्या हिशेबाबाहेर राहते. जे मोजले जात नाही ते घडतही नाही, असे मानण्याची सवय मग सर्वांनाच लागते.

कौले गेली आणि स्लॅब आला, तेव्हा त्याच्याबरोबर एक समज आला: आता छपरावर चढण्याची गरज उरली नाही. हा समज महाग पडला आहे. स्लॅबच्या खालच्या बाजूस लोखंडी सळीवर काँक्रीटचे आवरण जेमतेम १५ ते २० मिलिमीटर असते. वर केसाएवढी भेग पडली, तीतून पाणी झिरपू लागले, की सळी गंजते. गंजलेले लोखंड मूळच्या कित्येक पट जागा व्यापते. ते आतून फुगते आणि खालचे आवरण ढकलून देते. छताचा पापुद्रा जेवणाच्या ताटात पडतो तेव्हा गवंड्यास बोलावणे जाते. तो सिमेंटचा गोळा मारून खड्डा बुजवतो, वर रंग देतो, आणि सळी आत गंजतच राहते. गंज घासून काढणे, सळीला गंजरोधक लेप देणे आणि मुख्यतः वरची भेग बुजवणे, ही तिन्ही कामे राहून गेलेली असतात. पण छत पांढरे दिसते, आणि मालकाचे समाधान होते.

पारख नसलेला गिऱ्हाईक

येथे प्रश्न असा उद्भवतो की, गवंडी असे का करतो? त्याला काम येत नाही म्हणून? काही वेळा तसे असेलही. पण मूळ कारण निराळे आहे. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, आणि २००१ साली नोबेल पारितोषिकाचे जे तीन मानकरी ठरले त्यांत तो होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ज्या बाजारात विकणाऱ्याला वस्तूचा दर्जा कळतो आणि घेणाऱ्याला कळत नाही, तेथे घेणारा चांगल्या वस्तूची किंमत द्यावयास तयार होत नाही, आणि चांगला विक्रेता हळूहळू बाजारातून निघून जातो. घरदुरुस्तीचा बाजार हा याचा अगदी नमुनेदार दाखला होय. गच्चीवर कोबा घालताना विटांचे तुकडे भिजवून घेतले होते की कोरडेच टाकले, पाण्याला नळीकडे उतार दिला होता की नाही, सिमेंट-वाळूचे प्रमाण एकास चार ठेवले की एकास आठ, गिलाव्यावर सात दिवस पाणी मारले की दोनच दिवस, यांतले काहीही काम झाल्यावर डोळ्यांना दिसत नाही. ते दिसते पुढच्या आषाढात, आणि तोवर ठेकेदार दुसऱ्या गावी गेलेला असतो. दहा वर्षांच्या हमीचे छापील पत्र कपाटात सुरक्षित असते. ओल लागून ते पिवळे पडते एवढेच.

ज्या गिऱ्हाइकाला दर्जा पारखता येत नाही, तो फक्त दर पाहतो. तीन गवंड्यांपैकी सर्वांत स्वस्त त्याला काम देतो. उतार काढण्यात, कोबा घोटण्यात आणि पाणी मारण्यात जो दोन दिवस अधिक घालवील, त्याची मजुरी वाढते आणि त्याचे काम जाते. कोल्हापूरच्या पंचक्रोशीत कुशल गवंडी, सुतार दुर्मिळ झाले, अशी तक्रार सतत ऐकू येते. त्यांना दुर्मिळ करण्यात पारख नसलेल्या मालकाचा हात किती, याचा विचार क्वचितच होतो.

म्हणूनच घरातील लहानसहान दुरुस्ती स्वतःच्या हातांनी करावी, असे जे म्हणावयाचे, ते मजुरी वाचविण्यासाठी नव्हे. नळाचे वायसर बदलून वाचणारी रक्कम क्षुल्लक आहे. सेकंदाला एक थेंब या गतीने गळणाऱ्या नळातून दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे चार लिटरांहून अधिक आणि वर्षाला सुमारे दीड हजार लिटर पाणी जाते. ते वाचले तर चांगलेच. पण खरा लाभ असा की, ज्याने एकदा स्वतः वायसर बदलले, एकदा पाटीभर माल कालवून पायरीचा कोपरा बसविला आणि पाणी न मारल्यामुळे तो कोपरा हाताने चुरडताना पाहिला, त्याला पुढे आयुष्यभर कोणी सिमेंटच्या बाबतीत फसवू शकत नाही. हात राबले की डोळा तयार होतो, आणि या बाजारात गिऱ्हाइकाजवळ नेमका तो डोळाच नाही.

असा डोळा येण्यास फार मोठी विद्या लागत नाही. मे महिन्याच्या अखेरीस गच्चीवर जाऊन नळ्यांची तोंडे मोकळी करावीत, आणि एका बादलीने कोपऱ्यात पाणी ओतून ते कोठे जाते आणि कोठे अडते ते पाहावे. कोबा नवा घातला असेल तर नळ्यांना बोळे लावून गच्चीवर दोन बोटे पाणी चोवीस ते अठ्ठेचाळीस तास साठवावे आणि खालचे छत न्याहाळावे. ठेकेदाराचे शेवटचे देणे त्यानंतरच द्यावे. सिमेंटचे पोते घेताना त्यावरील उत्पादनाचा आठवडा वाचावा. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद सुमारे पाचव्या हिश्शाने घटलेली असते, आणि दमट हवेत त्याहूनही अधिक. माल कालवताना पाणी जपून घालावे, कारण सैल माल थापावयास सोपा असला तरी वाळल्यावर कच्चा राहतो. गवंड्याचा कल सैल मालाकडे असतो, आणि मालकाने तेथे उभे राहण्याचे कारण हेच. जुन्या बावड्यात ज्यांची घरे माती-चुन्याची आहेत, त्यांनी त्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा करण्याचा मोह टाळावा. मऊ भिंतीवर कठीण कवच बसविले की ओल आत कोंडते आणि काही वर्षांत कवच भिंतीची माती घेऊन सुटते. तेथे चुन्याचाच गिलावा हवा, मग तो करणारा शोधण्यास चार दिवस अधिक लागोत. पुराच्या पट्ट्यातील घरांत विजेचे फलक आणि मीटर मागील पाण्याच्या रेघेपेक्षा वर घेणे, खालच्या मजल्यावर भुशाच्या दाबीव फळ्यांऐवजी कडाप्प्याची किंवा लोखंडी मांडणी करणे, हे खर्चाचे काम असले तरी एकदाच करावयाचे आहे.

काही कामांना मात्र हात लावू नये, आणि हे सांगणे तितकेच अगत्याचे आहे. पूर ओसरल्यावर तारतंत्र्याने तपासल्याखेरीज मुख्य खटका चालू करू नये. भार पेलणारी भिंत कोणती आणि नुसता आडोसा कोणता, हे न कळता दरवाजा पाडू नये. पावसात भिजलेल्या सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नये, तो न वाकता एकदम फुटतो. आणि जुना ॲस्बेस्टॉसचा पत्रा असेल तर तो घरी कापू वा भोके पाडू नये, कारण त्याची धूळ फुप्फुसांत कायमची बसते. शिडी लावताना दर चार फूट उंचीला तळाशी एक फूट अंतर, हा नियम घरातील सर्वांस ठाऊक असावा. स्वावलंबनाच्या हौसेने रुग्णालयाचे बिल वाढविण्यात कसलेही अर्थशास्त्र नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. सुशिक्षितांनी थापी हाती घेतली तर मजुराच्या पोटावर पाय येईल, असा तो आक्षेप. तो घेणारे बहुधा मजुराशी दहा-वीस रुपयांसाठी तासभर घासाघीस करणारे असतात, हे सोडून द्यावे. खरे म्हणजे दुरुस्तीची पुष्कळ कामे आज होतच नाहीत, आणि होतात तेव्हा ती उशिरा व एकदम होतात. ज्याला घर कळू लागते तो दर वर्षी थोडे काम काढतो, जे स्वतःला जमणार नाही त्यासाठी चांगला माणूस शोधतो आणि त्याला योग्य मजुरी देतो. दुसरा अडसर प्रतिष्ठेचा आहे. मास्तर शिडीवर चढलेले शेजाऱ्यांनी पाहिले तर काय म्हणतील? ज्या शहराच्या उद्यमनगरात कोणतेही इंजिन खोलून पुन्हा जोडणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या नाव कमावून आहेत, त्या शहरातील पदवीधराला पाना धरण्याची लाज वाटावी, हे चमत्कारिक आहे. कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ च्या आपल्या कामात शाळांसाठी कार्यानुभवाची शिफारस केली होती. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याचा आग्रह धरला. बहुतेक शाळांतून त्याचे रूपांतर कागदी फुलांत आणि खडूच्या डब्यांत झाले. शाळेच्या स्वतःच्या इमारतीचे गळके छप्पर डोक्यावर असताना वर्गात फुले कातरली गेली.

हिशेबातील मोकळी जागा

घरमालकाला दोष देऊन थांबणे अन्यायाचे होईल. शासनाचा हिशेबही बांधण्याच्या बाजूचा आहे, राखण्याच्या बाजूचा नाही. स्वतः राहावयाचे घर बांधण्यासाठी वा घेण्यासाठी कर्ज काढले तर जुन्या करप्रणालीत त्यावरील व्याजाची वजावट वर्षाला दोन लाख रुपयांपर्यंत मिळते. तेच कर्ज दुरुस्तीसाठी असेल तर मर्यादा ३०,००० रुपये. नव्या करप्रणालीत राहत्या घरास यांपैकी काहीच नाही. याउलट घर भाड्याने दिले असेल तर भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग मालकाने वर्षभरात एक खिळाही ठोकलेला नसो. आपत्तीच्या मदतीतही हेच दिसते. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरविलेल्या केंद्रीय निकषांनुसार सपाट प्रदेशातील पूर्ण पडलेल्या घरास १,२०,००० रुपये, आणि निदान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घरास ६,५०० रुपये. राज्य शासन प्रसंगानुसार त्यात भर घालते, हे खरे. पण दोन आकड्यांमधील दरी जाणार नाही. जे घर थोड्या खर्चात वाचविता आले असते, त्याला मदत मिळावयाची असेल तर ते आणखी पडावे लागते.

राखण्याची किंमत कायद्याला अगदीच ठाऊक नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. मुंबई बेटावरील जुन्या चाळी कोसळू लागल्या तेव्हा १९६९ साली कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापन झाले आणि त्यासाठी उपकर बसला. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत तर नेमका आकडाच आहे: बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीत आणि पाव टक्का सिंकिंग फंडात. म्हणजे २० लाखांच्या बांधकामामागे वर्षाला १५,००० आणि ५,००० रुपये. सदनिकेत राहणारा कुरकुरत का होईना, ही रक्कम भरतो. त्याच २० लाखांचे स्वतंत्र घर कसबा बावड्यात बांधणारा शिक्षक मात्र एक रुपयाही बाजूला ठेवीत नाही, कारण त्याला बिल पाठविणारा सचिव नसतो.

समजा, त्याने संस्थेच्या पाव हिश्शाएवढेच, वर्षाला ५,००० रुपये, सात टक्के व्याजाने बाजूला ठेवले. दहा वर्षांनी ते सुमारे ६९,००० होतात. सळ्या गंजलेल्या स्लॅबची दुरुस्ती एवढ्यात होणार नाही. पण हेच ५,००० दर वर्षी भेगा बुजविण्यास, नळ्या बदलण्यास आणि बाहेरच्या भिंतींना रंग देण्यास वापरले असते, तर सळ्या गंजण्याची वेळ सहसा आली नसती. दुरुस्तीच्या पैशाचे वैशिष्ट्य असे की तो साठवून जेवढा वाढतो, त्याहून वेळेवर खर्चून अधिक वाढतो. बँकेच्या कोणत्याही ठेवीबद्दल असे म्हणता येत नाही.

लॉरी बेकर (१९१७–२००७) हा इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि केरळात स्थायिक झालेला वास्तुशिल्पी स्वतःच्या हाताने चित्रे काढून साध्या भाषेत पुस्तिका लिहीत असे. खर्च कोठे वाचतो, ओल कोठून येते, वीट कशी रचली तर एक चतुर्थांश विटा वाचतात, हे त्यांत सामान्य माणसाला समजेल असे मांडलेले आहे. मराठीत बांधकामाच्या पाठ्यपुस्तकांची वाण नाही. पण आपले घर राखू पाहणाऱ्या कारकुनाच्या हाती देता येतील अशा पुस्तिका फार थोड्या आहेत. तंत्रनिकेतने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था असलेल्या शहरास हे काम अवघड नाही. मे महिन्यात दोन रविवार तेथील कार्यशाळा नागरिकांसाठी उघडल्या, आणि एका गवंड्याने, एका नळजोडाऱ्याने व एका तारतंत्र्याने आपापले काम हळूहळू करून दाखविले, तर पुस्तिकेचा मजकूरही तेथेच तयार होईल.

महापालिकेकडूनही एक लहानशी अपेक्षा आहे. पुराच्या निळ्या आणि लाल रेषा नकाशावर आखल्या जातात आणि त्यांवरून वर्षानुवर्षे वाद चालतात. बावड्यातील गल्लीत, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, सुतारवाड्यात २०१९ आणि २०२१ चे पाणी प्रत्यक्षात जेथवर चढले, तेथे भिंतीवर दगडी वा पत्र्याची खूण बसवावी. विजेचा फलक किती वर घ्यावयाचा, हे घरमालकाला नकाशावरून कळणार नाही. त्या खुणेवरून कळेल. रंगाच्या नव्या हातांखाली त्या रेघा आता जवळजवळ पुसल्या गेल्या आहेत.

आणि नोकरदारांच्या पतसंस्थांनी आपल्या कर्जाचे वेळापत्रक एकदा तपासून पाहावे. सणाची उचल दिवाळीपूर्वी मिळते. म्हणून घराचे काम दिवाळीपूर्वी निघते, म्हणजे भिंती सर्वांत ओल्या असतात तेव्हा, आणि त्यातले बहुतेक पैसे रंगात जातात. हीच लहान रक्कम, वीस-पंचवीस हजारांची, सभासदाला मार्चमध्ये मिळाली, तर एप्रिलमध्ये गवंडी मोकळा असतो, वाळू कोरडी असते, भेगा उन्हाने उघडलेल्या असल्यामुळे नीट दिसतात, आणि मृगाला अजून सहा आठवडे असतात.